‘उच्चारशुद्धी : १० गुण’ हा रकाना काढून टाका

प्रति,
तालुका व जिल्हा पातळीवरच्या शालेय वक्तृत्व स्पर्धांचे आयोजक, परीक्षक आणि या स्पर्धांसाठी मुलं तयार करणारे शिक्षक यांस

सप्रेम नमस्कार.

१ ऑगस्टला लोकमान्यांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊंची जयंती, २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी, मग स्नेहसंमेलनं, शेवटी २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. वक्तृत्व स्पर्धांचा हंगाम असा सात महिने चालतो. गुणपत्रक कोणत्याही गावचं घ्या, रकाने जवळपास तेच असतात : विषयमांडणी, भाषाशैली, हावभाव, वेळेचं भान आणि उच्चारशुद्धी. पहिल्या चारांशी आमचं, म्हणजे विदर्भातल्या काही भाषाशिक्षकांचं आणि बोलींच्या अभ्यासकांचं, भांडण नाही. हे पत्र पाचव्यापुरतं आहे.

या रकान्यात गुण कशाचे कापले, असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘हेल आहे हो पोराला.’ विषय चांगला, पाठांतर पक्कं, पण हेल. आता हेल नसलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. ज्याचा हेल आपल्यासारखा असतो त्याचा तो आपल्या कानाला लागत नाही, इतकंच. परीक्षक पुण्याचे असोत की परतवाड्याचे, त्यांनाही हेल असतोच. फक्त तो मोजायला समोर कोणी कागद घेऊन बसलेलं नसतं.

हे आम्ही भावनेच्या भरात म्हणत नाही. बाळ पोटात असतानाच आईच्या बोलण्याची चाल ऐकत असतं. २००९ साली जर्मन आणि फ्रेंच घरांतल्या काही दिवसांच्या बाळांचं रडणं तपासलं गेलं. फ्रेंच बाळांचं रडणं खालून वर चढत जाणारं होतं, तर जर्मन बाळांचं वरून खाली उतरणारं. दोन्ही आपापल्या भाषेच्या चालीवर. पहिला शब्द फुटायच्या कितीतरी आधी हेल आलेला असतो. त्याही आधीचा, १९८४ सालचा एक प्रयोग आपल्याला अधिक जवळचा आहे, कारण तो ‘ट’ आणि ‘त’ यांच्यावर झाला. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांना आढळलं, की इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ट-त मधला फरक ऐकू येतो, पण दहा-बारा महिन्यांची होईतो बहुतेकांचा तो कान मिटतो. घरात जो फरक कोणी करत नाही, तो फरक ऐकणं कान सोडून देतो. ज्या घरात आजी, आई, शेजारीण सगळ्या ‘डोळा’ला ‘डोया’च म्हणतात, तिथल्या मुलाच्या कानात ‘ळ’ आणि ‘य’ ही दोन खाती वेगळी पडलेलीच नसतात. शाळेत आल्यावर त्याला ते दुसरं खातं उघडावं लागतं. याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे.

मुळात या एका रकान्यात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत. ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’, ‘करून राह्यलो’ ही बोलीची व्याकरणरूपं आहेत. भाषण प्रमाण मराठीत करायचं असं नियमावलीत लिहिलं असेल, तर त्यांचे गुण भाषेच्या रकान्यात कापा. नियम आधी सांगितलेला आहे, तक्रारीला जागा नाही. दुसरी गोष्ट हेल, म्हणजे कोणता वर्ण कसा निघतो, आवाज कुठे चढतो, कोणत्या अक्षरावर जोर येतो. तो प्रमाण मराठी बोलतानाही राहतो, आणि राहणारच. तिसरी गोष्ट स्पष्टपणा, मागच्या सतरंजीवर बसलेल्याला शब्द कळला की नाही. स्पर्धेने मोजायला हवी ती ही तिसरी. मोजली जाते दुसरी.

एक साधं वाक्य घ्या. ‘नळाला पाणी नाही म्हणून बायका विहिरीवर जातात.’ पुण्याकडच्या शिकलेल्या तोंडून भरभर बोलताना ते ‘नळाला पाणी नाई म्हणुन बायका विहिरीवर जातात’ असं निघतं. ‘नाही’तला ‘ह’ गेला, ‘म्हणून’चा दीर्घ ‘णू’ ऱ्हस्व झाला. वऱ्हाडातल्या दर्यापूर-अकोटकडच्या मुलाच्या तोंडून तेच वाक्य ‘नयाला पानी नाई म्हनून बायका इहिरीवर जातात’ असं येतं. ळ चा य, ण चा न, आणि इ-ए च्या आधीचा व गळलेला (वीस-ईस, विस्तव-इस्तो, वेळ-येय, सगळे त्याच नियमाने). ‘ह’ दोघांनीही गिळला. पहिल्या वक्त्याचा तो कोणाला ऐकूसुद्धा येत नाही, दुसऱ्याचा मात्र बाकीच्या बदलांसोबत हिशेबात धरला जातो. आणि या बदलांना नियम आहे, हे लक्षात घ्या. वऱ्हाडी माणूस कधी ळ तर कधी य असं मनाला येईल तसं बोलत नाही. इंग्रजी अमदानीत ग्रियर्सनने केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडी-नागपुरीची दखल नमुन्यांसह घेतलेली आहे. निसटत्या जिभेची नोंद अशी होत नाही, भाषेची होते.

कोणी म्हणेल, संस्कृतानुसारी उच्चार तोच शुद्ध. मग हे माप सगळ्यांनाच लावून बघू. ‘ज्ञ’ हा ज् आणि ञ यांचा जोडवर्ण. आपण महाराष्ट्रभर ‘द्न्य’ म्हणतो, हिंदीवाले ‘ग्य’. ‘ऋ’ मुळात स्वर. आपण ‘रु’ म्हणतो, हिंदीत ‘रि’. कृपा म्हणताना कोणत्याही मराठी परीक्षकाच्या तोंडून ‘क्रुपा’च निघतं. ‘ष’ आणि ‘श’ वेगळे काढणारी तोंडं आज शोधावी लागतील. ‘घर’ लिहिताना शेवटी अ असतो, बोलताना ‘घर्’. ‘चार’ मधला च आणि ‘चारा’ मधला च हे दोन वेगळे उच्चार आहेत, पण लिपीत एकच अक्षर. म्हणजे ‘लिहिलं तसं वाच’ हा सल्लाही चालत नाही. आणि ज्या ‘ळ’वरून आपल्या पोरांचे सगळ्यात जास्त गुण जातात, तो अभिजात संस्कृतात नाहीच. वेदात आहे, ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ‘अग्निमीळे’ आहे, पण पुढच्या संस्कृतात त्या जागी ‘ड’ आला. हिंदीच्या प्रमाण रूपातही ळ नाही. म्हणून हिंदी वक्तृत्वात ‘होली’, ‘दिवाली’ म्हटलं तर शाबासकी आणि मराठीत ‘होयी’ म्हटलं तर वजाबाकी. ध्वनीच्या बाजूने पाहिलं तर ळ दोन्हीकडे गेलेलाच आहे.

मग प्रमाण उच्चार म्हणून जो आपण मानतो, तो आला कुठून? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ चं. हे सगळं घडलं मुंबई इलाख्यात. तेव्हा वऱ्हाड निजामाकडे होतं आणि नागपूर भोसल्यांकडे. १८५३ साली वऱ्हाडाचे जिल्हे इंग्रजांकडे आले, पुढे मध्य प्रांतासोबत जोडले गेले, आणि मुंबईच्या कारभारात विदर्भ आला तो थेट १९५६ साली. म्हणजे शाळेतल्या मराठीचं रूप ठरत होतं तेव्हा आपली माणसं त्या बैठकीत नव्हती. बाकी मराठी गद्याची सुरुवात ज्या महानुभावांनी केली त्यांचं मोठं ठाणं अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर, आज मराठी भाषा विद्यापीठही तिथेच. आणि खुद्द चक्रधरस्वामी परंपरेनुसार गुजरातेतून आलेले. त्यांच्या मराठीला गुजराती हेल नसेल असं मानणं कठीण आहे.

प्रमाण उच्चार शिकवूच नये, असं आम्ही म्हणत नाही. आकाशवाणीवर निवेदन करायचं असेल, नाटकात काम करायचं असेल, तर आणखी एक हेल हाताशी असलेला बरा. पण शिकवायचा तर तो नीट शिकवा. ‘ळ म्हण, ळ’ असं ओरडून जीभ वळत नाही.

‘य’ म्हणताना जिभेचं टोक खालच्या दातांच्या मागे निवांत असतं, मधला भाग टाळूकडे उचलला जातो, कुठे टेकत नाही. ‘ळ’ला टोक मागे वळून टाळूला टेकतं, हवा जिभेच्या दोन्ही कडांनी निघते, आणि सुटताना टोक पुढे आपटतं. वऱ्हाडी मुलाला ‘ट’ आणि ‘ड’ उत्तम येतात, म्हणजे जीभ मागे वळवणं त्याला शिकवायचं नाहीच. सुरुवात तिथूनच करा. आधी ‘अडा, अडा’ म्हणायला लावा आणि टोक कुठे टेकतं ते त्यालाच ओळखू द्या. मग टोक तिथेच टेकवून ठेवून आवाज लांबवायला सांगा. ‘ड’ने हवा अडते, कडा सैल सोडल्या की वाट मोकळी होते आणि लांब ‘ळ्ळ्’ ऐकू येतो. मग सोडा, ‘अळा’. दोन स्वरांच्या मध्ये जमलं की शब्दाच्या शेवटी : बाळ, फळ, जवळ. सुरुवातीचा ळ घेऊच नका, मराठीत शब्द ळ ने सुरू होत नाही. रोज दहा मिनिटं पुरतात. तासभर रेटलं तर जीभ थकते आणि मूल कंटाळतं.

बिघडतं ते तीन ठिकाणी. टोक दातांजवळ टेकलं की ‘काळा’चा ‘काला’ होतो. टोक टेकलंच नाही तर पुन्हा ‘काया’. तिसरी चूक सगळ्यात त्रासाची, कारण ती शिकवण्यातूनच जन्मते. ‘य नको, ळ म्हण’ एवढंच डोक्यात बसलेलं मूल खऱ्या य चाही ळ करायला लागतं : ‘उपाय’चं ‘उपाळ’, ‘पाय’चं ‘पाळ’. न-ण चंही तसंच, ‘जीवन’ म्हणताना ‘जीवण’. यावर औषध म्हणजे शब्दांच्या जोड्या : गाय-गाळ, पाय-पाळ, मन-मण, वन-वण. आधी फक्त ऐकवा आणि कोणता शब्द म्हटला ते मुलाला बोटाने दाखवू द्या. ऐकण्यात फरक पक्का झाल्यावरच बोलायला लावा. कान तयार नसताना तोंड तयार करण्याच्या नादात ही ‘उपाळ’ मंडळी तयार होतात. आणि कृपा करून भाषणाची तालीम चालू असताना मध्येच वर्ण दुरुस्त करू नका. मुलाचं लक्ष विषयातून उठून जिभेवर बसतं, वाक्याची चढ-उतार मरते, आणि स्टेजवर उभं राहतं ते घोकलेलं एकसुरी भाषण, ज्याला मग हावभावातही गुण मिळत नाहीत.

आता स्पष्टपणाकडे. शब्द ऐकू न येण्याची खरी कारणं बहुतेक वेळा आयोजकांच्याच हातात असतात. माईकचा दांडा मोठ्या माणसाच्या उंचीवर आवळलेला, पाचवीतलं मूल हनुवटी वर करून बोलतं, त्याने गळा ताणला जातो आणि आवाज बारीक होतो. दर मुलागणिक दांडा खालीवर करायला एक माणूस नेमा. माईक तोंडापासून १०-१५ सेंटिमीटरवर आणि अगदी समोर न ठेवता ओठाच्या कडेला जरा तिरका ठेवा, नाहीतर प, फ, भ चे फटाके फुटतात आणि पुढचा स्वर ऐकूच येत नाही. भोंगे माईकच्या मागे बांधले की शिट्टी वाजते. ते बोलणाऱ्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून हवेत. टिनाच्या शेडमध्ये आवाज घुमतो, तिथे व्हॉल्यूम वाढवून काही होत नाही, उलट घुमणंच वाढतं. तिथे उपाय एकच, हळू बोलणं.

वेगाचं तर विचारूच नका. पाच मिनिटांसाठी सातशे-आठशे शब्दांचं भाषण लिहून दिलं जातं आणि मूल ते पळवतं, कारण घंटीची भीती. पाच मिनिटांना पाचशे शब्द पुरेत. आकडा आणि माणसाचं नाव यांच्याआधी छोटासा थांबा घ्यायला शिकवा. वाक्याच्या शेवटचा ‘नाही’ गिळला गेला तर अर्थच उलटा होतो. त्याचे गुण खुशाल कापा. श्वास शब्दाच्या मध्ये तोडला तरी कापा. ‘काळजी’ची ‘कायजी’ झाल्याने सभेतल्या एकाही माणसाचा गैरसमज होत नाही, त्याचे कापू नका.

तर रकान्याचं नाव ‘स्पष्टता’ ठेवा. हेलामुळे शब्द कळला नाही असं एखाद्या परीक्षकाला वाटलंच, तर गुण कापण्याआधी एक छोटी परीक्षा घ्या. मागच्या रांगेतले तीन श्रोते आधीच ठरवून ठेवा. जमलं तर एक जण जिल्ह्याबाहेरचा असू द्या. त्यांच्यापुढे भाषणाचा कागद नको. भाषण संपल्यावर त्यांना तीनच गोष्टी लिहायला सांगा : भाषणात आलेलं एक नाव, एक आकडा, आणि मुलाचं म्हणणं काय होतं ते एका वाक्यात. तिघांपैकी दोघांचं बरोबर आलं की स्पष्टतेचे गुण पूर्ण. दोन मिनिटांचं काम आहे आणि शंका आली तरच करायचं, प्रत्येक स्पर्धकाला नाही. परीक्षक तीन असतील तर एक स्थानिक हवा आणि एक दुसऱ्या बोलीच्या भागातला, म्हणजे एकाच्या कानाला जो हेल खुपतो तो दुसऱ्याच्या कानाला साधा लागतो आणि सरासरी सुधारते. गुणपत्रकाच्या मागे परीक्षकाने एक ओळ लिहावी : कोणता शब्द कळला नाही. शब्द लिहिता आला नाही तर गुण कापलेले नाहीत असं धरावं. आमचा जास्तीत जास्त आग्रह कशाचा असेल तर या एका ओळीचा.

मेळघाट आणि गडचिरोलीच्या आयोजकांना आणखी एक सांगायचं आहे. धारणी-चिखलदऱ्याच्या मुलाची घरची भाषा कोरकू, गडचिरोलीकडच्या कित्येकांची गोंडी किंवा माडिया. कोरकू मुंडा कुळातली, गोंडी द्राविडी. मराठीशी त्यांचं रक्ताचं नातं नाही. हे मूल शाळेत शिकलेल्या दुसऱ्या भाषेत पाच मिनिटं उभं राहून बोलतं. परकी भाषा परीक्षकांनी बोलून बघावी आणि मग ‘शुद्ध’ हा शब्द वापरावा. विदर्भाच्या पूर्वेकडच्या झाडीबोलीवाल्यांचंही असंच. तिथे ळ चा र होतो, डोळ्याचा ‘डोरा’. वऱ्हाडी परीक्षक त्याला हसतो, तेव्हा स्वतःचा ‘डोया’ विसरलेला असतो. आपल्या आपल्यात हे चालतं, मग पुण्याला नावं कशाला ठेवायची?

बीबीसीने दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, यॉर्कशायरच्या विल्फ्रेड पिकल्सला राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवलं, तेव्हा त्याच्या उत्तरेकडच्या हेलावरून इंग्लंडात गदारोळ झाला. युद्धाच्या बातम्या त्या हेलातही लोकांना कळल्याच. आपल्याकडे गाडगेबाबा वऱ्हाडीत कीर्तन करत राज्यभर फिरले. समोरच्याला प्रश्न विचारायचे, उत्तर त्याच्याच तोंडून काढून घ्यायचे. ऐकणारा कोकणातला असो की खानदेशातला, दुभाष्या लागला नाही. त्यांच्या पुण्यतिथीच्या स्पर्धेत त्यांच्याच बोलीचे गुण कापायचे, यातली गंमत आयोजकांच्या लक्षात कशी येत नाही कोण जाणे.

हे पत्र आम्ही प्रमाण मराठीत लिहिलं आहे. आमच्यापैकी कोणी ते मोठ्याने वाचलं तर तुम्हाला वऱ्हाडीच ऐकू येईल, आणि तुम्ही वाचलंत तर आम्हाला तुमच्या गावचं.

गुणपत्रकं बहुधा जुलैत छापायला जातात. त्याआधी बदल करायचा असेल तर रकान्याचं नवं नाव, कशाचे किती गुण कापायचे त्याची यादी आणि मागच्या बाजूची ती एक ओळ, एवढं एका पानात बसतं. जुनी गुणपत्रकं शिल्लक असतील तर ती वाया घालवू नका. ‘उच्चारशुद्धी’वर पेनाने काट मारून ‘स्पष्टता’ लिहिलं तरी चालेल, फक्त स्पर्धा सुरू व्हायच्या आधी ते सगळ्या परीक्षकांसमोर वाचून दाखवा.

कळावे.

आपले,
विदर्भातले काही भाषाशिक्षक आणि बोलींचे अभ्यासक